सतरा नंबरच्या काकू

सतरा नंबरच्या काकूंनी संमतिपत्र वाचलं. नुसतं पहिलं पान नाही, सगळं. आमच्या औषधाच्या ट्रायलचं संमतिपत्र बावीस पानांचं होतं आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही ते वाचलं नव्हतं. लोक खुर्चीत बसायच्या आधीच विचारत, "बेन, सही क्यां करवानी?" आणि दाखवू तिथे सही करून मोकळे होत. काकूंनी चष्मा पुसला, पर्समधून पेन्सिल काढली आणि खोलीतला एकुलता एक पंखा स्वतःकडे वळवून दोन तास वाचत बसल्या.

"पान अकरा," त्या म्हणाल्या. "'आपणांस औषध अथवा औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य मिळेल.' म्हणजे पीठ?"

"पीठ नाही काकू. पण... हो, तसंच काहीतरी."

"आणि कुणाला काय मिळालं ते तुला माहीत नसणार?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"त्यांनाही नाही."

"मग तुम्ही दोघं इथं बसून करता तरी काय?"

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ट्रायलमध्ये माणसाला नाव नसतं, नंबर असतो. काकू आता नाहीत, पण गोपनीयतेच्या कागदावर मी सही केलेली आहे आणि माणूस गेला म्हणून सही पुसली जात नाही. शिवाय नंबराचं त्यांना वाईट वाटायचं नाही. त्या बडोद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, बोर्डावर बसून लाइनी जोडायच्या त्या काळापासून ते खात्याने सगळ्यांना कंप्युटरसमोर बसवलं तोपर्यंत. "आम्हाला अख्खं गाव नंबरानेच माहीत होतं," त्या म्हणत. "नाव ठाऊक असलं तरी ठाऊक नाही असं दाखवायचं. ऐकायचं सगळं, ऐकलं असं म्हणायचं नाही." कुठल्या पेढीचं दिवाळं निघणार आणि कुठल्या साहेबाचं कुणाशी जमलंय हे त्यांना गावाच्या आठ दिवस आधी कळत असे आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही. मी पुष्कळ विचारून पाहिलं.

दुसऱ्याची गुपितं अशी जन्मभर पोटात ठेवणाऱ्या या बाईला स्वतःच्या पोटात काय चाललंय हे मात्र कळायलाच हवं होतं. पुढचा सगळा घोळ तिथून झाला.

तेव्हा मला एमएस्सी होऊन दीड वर्ष झालं होतं. बायोकेमिस्ट्री, पहिला वर्ग. वडील कारखान्यात फिटर, आई दुसरीपर्यंत शिकलेली, घर खानदेशातून बडोद्याला आलेलं. आमच्यात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. हे मी कुठेही सांगते. नाही सांगितलं तर लोकांना वाटतं, आपणही त्यांच्यासारखे आयते वर आलोय. दांडिया बाजारातली जुनी मराठी मंडळी आधी आडनाव विचारतात आणि मग तुम्हाला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवतात. काकू दांडिया बाजारातल्याच, एका भांड्यांच्या दुकानामागे तळमजल्यावर राहायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी आडनावाच्या प्रश्नाला तोंड द्यायला तयार होऊन बसले, तर त्यांनी विचारलं, "शिक्षण काय?"

"एमएस्सी."

"बास," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही. भर कॉरिडॉरमध्ये "ए एमएस्सी!" अशी हाक आली की शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे वळून बघायचे. मला ते मनापासून आवडायचं.

काकूंना झालं होतं ते असं, की मधुमेहाने पायांच्या रक्तवाहिन्या आकसल्या होत्या. बसलं की काही नाही. चाललं की पोटऱ्यांना रक्त पुरत नाही आणि कुणी पिळून काढावं तशा त्या दुखू लागतात. हा आजार बडोद्यात हजारोंना असेल, पण काकूंना त्याचं एकच दुःख होतं. त्यांची मोठी बहीण, ताई, बडोद्यातच, समा भागातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही. ताईंचं खुब्याचं हाड मोडून त्या दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा पुण्याला, जवळ दिवसरात्रीची एक बाई. रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर, पण दोघी बहिणींची दोन वर्षांत भेट नव्हती. एकदा काकू जिद्दीने निघाल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर पोटरी धरून बसल्या त्या बसल्याच. वरून ताई अंथरुणातून ओरडायच्या, खालून ह्या. तासभर जिन्यातून गप्पा मारून काकू घरी परत आल्या. सोसायटीतली माणसं म्हणाली, मासी, चौघं मिळून खुर्चीतून वर नेतो तुम्हाला. काकू म्हणाल्या, "चौघांनी उचलायला मी गणपती आहे का? आणि गणपतीला तरी लोक बुडवायलाच उचलतात."

तर हे तीन मजले. बाकी आयुष्य वाढतंय की नाही, पेशी तरुण होतायत की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आमचं औषध सर्टुइनसाठी होतं. डॉक्टरसाहेब सर्टुइनवर बोलायला लागले की तीन स्लाइडनंतर पेशंट मान हलवायचे आणि चौथ्या स्लाइडला डुलक्या काढायचे. म्हणून समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी काकूंना सांगितलं, की पेशीत सर्टुइन नावाची एन्झाइम्स असतात, सात प्रकारची. प्रथिनांवर एक बारीकशी खूण चिकटलेली असते, ती काढायचं काम त्यांचं.

"थांब," काकू म्हणाल्या. "खूण काढतात म्हणजे बोर्डावरची पिन काढतात. कॉल संपला की दोरी ओढून पिन काढायची. नाही काढली तर ती लाइन अडकून बसते, मग दुसऱ्या कुणालाच मिळत नाही. सात बायका, एक बोर्ड. पुढे?"

"ही खूण काढायला त्यांना एनएडी नावाचं द्रव्य लागतं. एक खूण, एक एनएडी खर्च."

"चहा. एका पिनेला एक कप. आणि वय झालं की?"

"एनएडी कमी होत जातं."

"चहावाला येईनासा होतो. मग बायका बोर्डासमोर हात जोडून बसणार. पण चहा पिऊन झाल्यावर उष्टा कप उरत असेल ना?"

मी चाट पडले. उरतं. निकोटिनामाइड उरतं, आणि ते साचलं तर सर्टुइनलाच अडवतं. मग पेशी त्याच्यापासूनच परत एनएडी तयार करते.

"म्हणजे कप विसळणारा आहे," काकू समाधानाने म्हणाल्या. "आमच्याकडे नव्हता. मग या गोळीतून तुम्ही देणार काय?"

"चहापूड, समजा."

"किंवा पीठ."

"किंवा पीठ."

जे पाठ करायला मला दोन वर्षं आणि तीन जाड पुस्तकं लागली होती, ते या बाईने चहा यायच्या आत मांडून दाखवलं. तो हिशेब मी अजून वापरते, आणि डॉक्टरसाहेबही आता परिषदांमध्ये स्वतःचा म्हणून वापरतात.

त्यांची चौकशी तिथेच थांबली नाही. सर्टुइनबद्दल आणखी काय काय निघालंय, हे त्या दर खेपेला विचारत. मी सांगितलं, की लाल द्राक्षाच्या सालीतलं एक द्रव्य मागे फार गाजलं होतं, ते सर्टुइनना जागं करतं म्हणून. पुढे लक्षात आलं, की मोजमापासाठी जो चमकणारा रंग चिकटवला होता, त्याच्यामुळेच परिणाम बराचसा फुगून दिसत होता.

काकूंनी रंगाचं सोडून दिलं. "लाल द्राक्षं म्हणजे वाइन?"

"हो."

"गुजरातेत? मग परमिट काढायला लागेल. तब्येतीच्या कारणाने मिळतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये एक साहेब होते, तब्येत ठणठणीत राहावी म्हणून त्यांनी परमिटच काढून ठेवलं होतं."

उंदरांना कमी खायला दिलं की सर्टुइन कामाला लागतात, हे सांगितल्यावर त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाऊन चालेल का, असं विचारलं. औषधाने उंदरांमध्ये जे झालं ते माणसांत होईल की नाही ते अजून ठरायचंय, म्हणूनच ही ट्रायल, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "उंदीर असते तर बरं झालं असतं. नळावरून चढले असते ताईकडे."

दर महिन्याला त्यांची सहा मिनिटांची चाचणी व्हायची. हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवायचे, पेशंटने त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या, मी घड्याळ घेऊन उभी. या चाचणीत मी काय बोलायचं तेही छापील असतं. दर मिनिटाला एकाच सुरात, "छान चालताय. अजून पाच मिनिटं आहेत." "छान चालताय. अजून चार मिनिटं आहेत." एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

"छान कुठे चालतेय?" काकू चालता चालता म्हणायच्या. "लंगडतेय. लिही तसं."

"काकू, बोलायचं नसतं."

"मग तू खोटं बोलू नकोस."

फरश्या त्या स्वतः मोजायच्या. पहिल्या खेपेला एकोणचाळिसाव्या फरशीवर त्यांनी पोटरी धरली. दुसऱ्या महिन्यात साठच्या पुढे गेल्या. तिसऱ्या महिन्यात पहिला शंकू ओलांडून वळल्या, आणि चौथ्या महिन्यात मधे फक्त एकदा थांबल्या. मी घड्याळ बंद केलं. काकू भिंतीला टेकून म्हणाल्या, "पीठ नाहीये, एमएस्सी. मला मिळालीय ती खरी आहे."

याची पडताळणी त्यांनी आधीच करून पाहिली होती, हे मला मागाहून कळलं. पहिल्याच आठवड्यात कॅप्सूल उघडून जिभेवर टाकली. भजनी मंडळातल्या मैत्रिणींनाही चाखायला दिली. एक म्हणाली आंबट, एक म्हणाली तुरट, तिसरी म्हणाली हे शिंगाड्याचं पीठ आहे. मतं फुटली, निकाल राखून ठेवला गेला.

हे भजनी मंडळही काकूंनीच आमच्याकडे आणलं होतं. सात बायका एका टेम्पो रिक्षात भरून आल्या, सगळ्यांचे पाय दुखत होते. तपासणीत तिघी निकषात बसल्या. म्हणजे काकू धरून चौघी. उरलेल्यांपैकी तिघींचे गुडघे दुखत होते, औषध त्यांच्यासाठी नव्हतंच. चौथ्या मंदाकाकू. त्यांचे पाय आजाराच्या निकषात अगदी बरोबर बसत होते, पण दुसऱ्या कारणाने त्यांना नाही म्हणावं लागलं. ते कारण डॉक्टरांनी आतल्या खोलीत त्यांना एकट्यांना सांगितलं. बाहेर येऊन मंदाकाकू डोळे पुसत होत्या. काकूंनी मला धारेवर धरलं, "मंदाला नापास केलंत?"

"काकू, नापास असं नसतं."

"पान चौदा. 'काही आजार होऊन गेलेल्या व्यक्तींना सहभागी होता येणार नाही.' काही म्हणजे कुठले? मी तिथे पेन्सिलने लिहिलंय. तू अजून सांगितलं नाहीस."

मी तेव्हाही सांगितलं नाही. नऊ पेशंट बाहेर बसले होते, मला घाई होती. चूक कुणाची असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव माझं घेते.

आमच्याकडे पेशंटने महिन्याअखेर बाटली परत आणायची आणि उरलेल्या कॅप्सूल मी मोजायच्या. लोकांच्या बाटल्यांत कधी चार जास्त निघायच्या, कधी दोन कमी. एका काकांची बाटली तर नातवाने खेळायला घेतली होती. भजनी मंडळाच्या चारही बाटल्या मात्र एकही इकडची तिकडे नाही अशा यायच्या. मी मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरण दिलं होतं. म्हणाले होते, शिस्त शिकावी तर यांच्याकडून.

चौथ्या महिन्यातल्या त्या चाचणीनंतर काकू पाणी पीत बसल्या होत्या. मन प्रसन्न होतं. "आता तरी सांग," त्या म्हणाल्या, "ते चौदाव्या पानावरचे आजार कुठले?"

"बरेच आहेत. मुख्य म्हणजे कॅन्सर."

"का बरं?"

"तुमच्या बोर्डावरच्या त्या सात बायका आहेत ना, काकू, त्या लाइन कुणाची ते बघत नाहीत. चांगल्या पेशीचं काम करतात तसं कॅन्सरच्या पेशीचंही करू शकतात. कुठे त्याच कॅन्सरला रोखतात, कुठे त्यालाच जगवतात. कधी काय, ते अजून नीट उलगडलेलं नाही. म्हणून ज्यांना तो होऊन गेलाय, त्यांना चहापूड द्यायची नाही."

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग मंदाचं काय? तिला तर होऊन गेलाय."

"त्यांचं काय? त्यांना आपण घेतलंच नाही."

"तुम्ही नाही घेतलंत," काकू म्हणाल्या. "आम्ही घेतलं."

मग सगळं बाहेर आलं. मंदा रडली, त्याच संध्याकाळी गणपतीच्या देवळात ठरलं. देवाच्या दारात एकीला औषध, एकीला पीठ आणि एकीला काहीच नाही, हे बरं दिसत नाही. रोज आरती झाली की चौघींनी आपापल्या बाटलीतली एकेक कॅप्सूल आणायची, स्टीलच्या डब्यात टाकायची, डबा खळखळून हलवायचा आणि मग प्रसादासारखी एकेक उचलायची. कॅप्सूल चार आणि बायका पाच, म्हणून रोज एकीचा उपास, पाळीपाळीने. म्हणजे कुणीच कायमची पिठावर राहणार नाही, सगळ्यांना थोडं थोडं खरं मिळेल. हिशेब चोख. फक्त मंदाला उपास लावायचा नाही, कारण तिला आधीच वाईट वाटलं होतं.

"म्हणजे मंदाकाकूंना रोज?"

"रोज," काकू म्हणाल्या. "एकही खाडा नाही."

जगात या औषधाच्या जेवढ्या चाचण्या झाल्या असतील, त्यांत ही चूक दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. पेशंट गोळ्या विसरतात, फेकतात, कुत्र्याला घालतात. पण आरतीनंतर समान वाटप करणारे पेशंट फक्त आमच्या वाट्याला आले.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी काकूंना सरळ सांगितलं, की हे मला लिहावं लागेल. लिहिलं की चौघीही ट्रायलच्या बाहेर. गोळी आजपासून बंद, तुमचीसुद्धा. काकूंची नजर कॉरिडॉरकडे गेली. त्या शंकूपलीकडच्या फरश्या त्यांनी चार महिन्यांत एकेक करून मिळवल्या होत्या आणि त्यांच्या मते त्या सगळ्या गोळीच्या होत्या.

"ताईला मी संक्रांतीचं सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. मग पर्स उघडून फोन काढला. "आधी मंदाला फोन लाव. तिला म्हणावं आजचा प्रसाद घ्यायचा नाही. मग लिही. मी सांगते तसं लिही, म्हणजे तुझ्यावर यायचं नाही."

डॉक्टरसाहेबांना हे ऐकून घाम फुटला. त्यांनी दार लावून घेतलं, हळू आवाजात म्हणाले, "हे लेखी द्यायलाच हवं का? मोजणी तर बरोबर आहे."

"मोजणी बरोबर यावी म्हणून तर आम्ही एवढी मेहनत घेतली," काकू म्हणाल्या. "डॉक्टर, मी आयुष्यभर ऐकलेलं पोटात ठेवलं, कारण ते दुसऱ्यांचं होतं. हे माझं आहे. लिही गं, एमएस्सी."

मी लिहिलं. मला ताकीदपत्र मिळालं, ते माझ्या डिग्रीच्या फायलीतच लावलेलं आहे. मंदाकाकूंच्या सगळ्या तपासण्या झाल्या. त्या आठ दिवसांत काकू देवळात गेल्या नाहीत, नीट जेवल्या नाहीत. तपासण्यांत काही निघालं नाही. मंदाकाकूंनी काकूंना एवढंच सुनावलं, "आधी विचारायचं होतंस. मी पिठाची मागून घेतली असती."

ट्रायल पुढे संपली, कोड उघडला. कुठल्या नंबराच्या बाटलीत काय होतं ते आता मला ठाऊक आहे. मी ते काकूंना सांगायला गेले तर त्यांनी हात केला. "डबा हलवल्यावर बाटलीला काय विचारायचं?" खरंच आहे. ज्या बाईला सगळ्यांत जास्त जाणून घ्यायचं होतं, तिनेच असं करून ठेवलं की कुणालाच कधी कळू नये. या सगळ्या घोळातून मी एक शिकले. आजही संमतिपत्र देताना 'काही' या शब्दापाशी मी थांबते आणि पेशंटला यादी मोठ्याने वाचून दाखवते, बाहेर नऊ बसलेले असोत की नव्वद.

पण ते नंतरचं. तेव्हा काकू घरात बसून होत्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "संपलं गं. आता मी आणि ताई, फोनवरच." मला राग आला. म्हटलं, "काकू, या चार महिन्यांत गोळीखेरीज दुसरं काय बदललं?"

"काय बदलणार?"

"देवळात आधी कधी जायचात?"

"मंगळवारी. रिक्षाने."

"आणि डबा सुरू झाल्यावर?"

"रोजच जायला लागायचं. रोज एवढ्याशासाठी कुठला रिक्षावाला येतो? चालत."

"पोटरी दुखायची नाही?"

"दुखायची की. थांबायचे, ओट्यावर टेकायचे, राहिली की परत चालायचे. नाहीतर त्या चौघी वाट बघत..." काकू थांबल्या. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, की दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. तो या आजारावरचा जुना, पक्का उपाय. पण तो फुकटातला सल्ला होता, बावीस पानांत नव्हता, म्हणून काकूंनी ऐकला नव्हता.

"म्हणजे गणपतीने केलं म्हणतेस?"

"गणपतीने, चालण्याने की गोळीने, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण तिन्हींतली एकच गोष्ट गेलीय तुमची."

दुसऱ्या दिवसापासून काकू सूरसागर तळ्याच्या काठाने चालू लागल्या. आधी अर्धी बाजू, मग एक, मग दोन. मंडळ बरोबर असायचं, मंदाकाकू सगळ्यांत पुढे. मी सुटीच्या दिवशी जायचे. काकू दुखलं की कठड्याला टेकायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून हळूच म्हणायच्या, "ह्याचे वडील ट्रंककॉलवर रडायचे." का, ते विचारलं की गप्प.

संक्रांत हुकली. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, समाच्या त्या सोसायटीतल्या झाडांवर फाटके पतंग लटकत होते, तेव्हा आम्ही दोघी जिन्याशी उभ्या राहिलो. काकूंच्या हातात फक्त रुमाल. माझ्या एका खांद्याला एक घडीची खुर्ची आणि दुसऱ्या हातात त्यांची बॅग, इतकी जड की मी विचारलं, "काय आहे हो यात?"

"ताईसाठी आहे. चल."

दहा पायऱ्या, खुर्ची. पोटरी राहिली की पुढच्या आठ. खुर्ची. पहिला मजला त्यांनी ओलांडला तेव्हा मागच्या वेळी जिथे बसल्या होत्या त्या पायरीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "पाणी आपुं, मासी?" काकू म्हणाल्या, "पाछां वळतां," म्हणजे परत उतरताना. तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "काकू, आज एवढंच करू. पुढच्या आठवड्यात परत येऊ."

"मी छान चालतेय म्हण."

"काकू..."

"म्हण की. दर महिन्याला म्हणत होतीस."

"छान चालताय."

"खोटारडी," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

वरून ताईंचा आवाज आला, "कितव्यावर आहेस गं?"

"येतेय! ओरडू नकोस, दम लागतो."

"मला की तुला?"

शेवटच्या पायऱ्या त्या कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढल्या. पाऊण तास लागला. ताईंच्या बाईने दार उघडलं. काकू थेट आत गेल्या आणि ताईंच्या पलंगाच्या काठावर बसल्या. ताईंनी हात पुढे करून त्यांची पोटरी चाचपली.

"दुखतेय?"

"दुखतेय."

"मग कशाला आलीस एवढं मरत?"

"तू येणार होतीस का खाली?"

मी खिडकीशी जाऊन पतंग बघत राहिले. थोड्या वेळाने काकूंनी मला बॅग उघडायला सांगितली. मला वाटलं होतं लाडूंचे डबे. आत सहा साड्या, स्वेटर, रक्तदाबाचं यंत्र, गोळ्यांची पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेला बाळकृष्ण.

"हे काय, काकू?"

"राहायला आलेय."

"सांगितलं नाहीत मला!"

"सांगितलं असतं तर बॅग उचलली असतीस? आणि रोज रोज कोण चढणार तीन मजले? मला एकदाच चढायचं होतं."

"आणि उतरायचं?"

"ते बघू. घाई काय आहे?" किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "नळ नीट बंद आहे का ते बघ. आणि आता जा, एमएस्सी, तुझे पेशंट खोळंबतील."

रविवार होता. पेशंट नव्हते. पण मी घडीची खुर्ची खांद्याला लावून निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पाण्याचा पेला घेऊन दारातच उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं, मासी आता नाही उतरायच्या, आणि पाणी मीच प्यायले. वरचं दार अजून उघडंच होतं आणि दोघींचे आवाज जिनाभर येत होते.

"भिंतीकडे मी झोपणार."

"दोन वर्षं मी भिंतीकडे झोपतेय."

"मग आता सरक."